योसेमिटीच्या दरींतील ढिली पट्टी

परदेशचें प्रवासवर्णन लिहावें इतका माझा प्रवास मोठा नाहीं. मॅट्रिक झालों, पाठशाळेंत संस्कृताचें अध्ययन केलें, कृष्णाकांठच्या एका गांवीं तीस-बत्तीस वर्षें मास्तरकी करून निवृत्त झालों, एवढेंच माझें चरित्र. परंतु कन्या व जामात नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत सॅन होजे शहरीं राहतात. त्यांच्या आग्रहावरून सन २०२४ च्या उन्हाळ्यांत तीन महिने तिकडे राहण्याचा योग आला. त्या मुक्कामांत योसेमिटी नांवाची जगप्रसिद्ध दरी पाहिली. तिचीं वर्णनें पुष्कळांनीं लिहिलीं आहेत व चित्रें तर घरोघर पोंचलीं आहेत; त्यांत मी विशेष भर घालणार नाहीं. मात्र त्या दरींत दोन झाडांमध्यें बांधलेली इंचभर रुंदीची एक पट्टी पाहिली, पुढें तसल्याच पट्टीवर वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं स्वतः उभें राहण्याचा उद्योग केला, आणि तो करतां करतां अडतीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट आठवली. ती वाचकांस सांगावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सॅन होजेहून योसेमिटी मोटारीनें सुमारें चार तासांच्या वाटेवर आहे. जून महिन्यांतील एका शनिवारीं आम्ही पहांटेस निघालों. प्रथम मध्य कॅलिफोर्नियाचें सपाट मैदान व त्यांत मैलोगणती बदामाच्या बागा. पुढें वाळक्या गवतानें पिंवळ्या झालेल्या टेंकड्या. आणि मग चढण लागून सूचिपर्णी वृक्षांची दाटी, असा क्रम आहे. मर्सिड नदीच्या कांठानें आपण दरींत शिरतों आणि डाव्या हातास एल कॅपिटन नांवाचा कडा एकदम उभा राहतो. तळापासून माथ्यापर्यंत सुमारें तीन हजार फूट अखंड पाषाण! आपला सह्याद्रि लाव्हारसाच्या थरावर थर बसून झाला आहे. त्यामुळें त्याच्या कड्यांस पायऱ्या पडलेल्या दिसतात, आणि त्या पायऱ्यांवर गवत, करवंदीच्या जाळ्या, क्वचित् एखादें देऊळहि वस्ती करून राहतें. येथील पाषाण ग्रॅनाइटाचा. हिमनद्यांनीं युगानुयुगें घासून त्याच्या भिंती अशा ताशीव केल्या आहेत कीं, दृष्टीस टेंकावयास जागा सांपडत नाहीं.

पुढें योसेमिटीचा धबधबा दिसतो. तीन टप्पे मिळून त्याची उंची २,४२५ फूट. त्याचें पाणी बर्फ वितळून येणारें. म्हणून जूनमध्यें त्याची गर्जना दूरवर ऐकूं येते, आणि ज्या श्रावण-भाद्रपदांत आपले धबधबे भरास येतात त्या वेळीं हा बहुधा कोरडा पडलेला असतो. अब्राहम लिंकन यांनीं १८६४ सालीं कायद्यावर सही करून ही दरी लोकांच्या उपभोगासाठीं राखून ठेविली, आणि १८९० सालीं भोंवतालचा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. मात्र लोकांसाठीं राखण्यापूर्वीं १८५१ सालीं येथील मूळच्या आवानीची लोकांस सशस्त्र तुकडी धाडून हुसकावण्यांत आलें होतें, हेंहि विसरतां कामा नये.

धबधब्याच्या पायथ्याजवळ ‘कॅम्प फोर’ नांवाचा तळ आहे. दिसावयास तो अगदीं साधा: धुळीची जमीन, चीड व ओक वृक्षांची सावली, खोलीएवढाल्या शिळा, तंबूंची दाटी, आणि अस्वलांनीं अन्न पळवूं नये म्हणून ठेविलेल्या लोखंडी पेट्या. परंतु गिर्यारोहकांची ही पंढरी आहे. २००३ सालीं अमेरिकेनें ऐतिहासिक स्थळांच्या आपल्या राष्ट्रीय नोंदींत या तळाचा समावेश केला. शिदोरी सोडण्यासाठीं सावली शोधीत आम्ही तेथें गेलों, आणि मला तो देखावा दिसला.

दोन वृक्षांमध्यें गुडघ्याहून थोडी उंच अशी एक पट्टी बांधलेली होती आणि तिच्यावरून एक पंचवीस-तीस वर्षांची तरुणी अनवाणी चालत होती. हातांत काठी नाहीं, छत्री नाहीं. दोन्ही हात खांद्यांच्या वर, कोंपरांत किंचित् वांकलेले. पट्टी तिच्या पायांखालीं डावी-उजवीकडे झुलत होती, परंतु तिचें मस्तक जणूं वरून कोणी धरून ठेविलें होतें. पलीकडच्या झाडापाशीं ती वळली, परत आली, आणि खालीं उतरून कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें सफरचंद खाऊं लागली. माझ्या तोंडून निघून गेलें, “ही तर आपल्या डोंबाऱ्याची दोरी!”

“डोंबारी म्हणजे काय, आजोबा?” नातवानें विचारलें. तो अकरा वर्षांचा, जन्म तिकडचा.

“गांवोगांव हिंडून दोरीवर चालण्याचे खेळ करणारे लोक,” मीं सांगितलें.

“मग ते फार मोठे खेळाडू असतील!”

यावर काय उत्तर द्यावें हें मला सुचेना. मीं विषय पालटला.

जावईबापूंनीं त्या तरुणीशीं ओळख करून घेतली. तिनें मोठ्या आपुलकीनें सर्व माहिती सांगितली. या खेळास तिकडे ‘स्लॅकलाईन’ म्हणतात. ‘स्लॅक’ म्हणजे ढिलें. डोंबाऱ्याची दोरी किंवा सर्कशींतील तार आवळून ताठ केलेली असते. ती फारशी हलत नाहीं. चालणाराच आपला तोल तिच्यावर राखतो आणि त्यासाठीं हातीं लांब वेळू घेतो. वेळूचें वजन दोन्ही टोंकांकडे दूर पसरलेलें असल्यामुळें शरीर सावकाश कलतें आणि सावरण्यास अवसर मिळतो. स्लॅकलाईन ही गोल दोरी नव्हे. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची विणलेली सपाट पट्टी होय. ती ताणली तरी लवचिक राहते, पाऊल पडतांच खालीं वांकते, आणि शरीराच्या प्रत्येक हालचालीबरोबर झुलते. तारेवर माणूस एकटा तोल राखतो. येथें माणूस आणि पट्टी या दोघांनीं मिळून तो राखावयाचा असतो.

या खेळाचा जन्म गिर्यारोहकांच्या रिकाम्या वेळांत झाला. कडा चढावयाचा नसेल त्या दिवशीं मोटारतळाभोंवतींच्या सांखळ्यांवरून व कठड्यांवरून चालून पाहण्याचा नाद कॅम्प फोरमधील तरुणांस होता. सन १९७९ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यांतील एव्हरग्रीन महाविद्यालयांतील ॲडम ग्रोसोव्स्की व जेफ एलिंग्टन या दोघांनीं सांखळ्यांवर व तारांवर चालण्याचा अभ्यास चालविला, आणि मग चढाईच्या सामानांतील नायलॉनची पट्टी ताणून तिच्यावर ते चालूं लागले. पुढें ही विद्या योसेमिटींत चांगलीच रुजली.

त्या तरुणीनें धबधब्याच्या उजव्या अंगास बोट करून कड्यापासून सुटा झालेला एक सुळका दाखविला. त्यास ‘लॉस्ट ॲरो’ म्हणजे हरवलेला बाण असें नांव आहे. सुळक्याचें टोंक व कड्याची कड यांवर बांधलेली पट्टी सुमारें पंचावन्न फूट लांबीची, आणि तिच्याखालीं दरीचा तळ सुमारें २,९०० फुटांवर! १९८५ च्या जुलै महिन्यांत स्कॉट बाल्कम हा तेथील पट्टीवरून प्रथम चालून गेला. दुसऱ्या माणसास तें साधण्यास १९९३ साल उजाडावें लागलें. त्याचें नांव डॅरिन कार्टर.

एवढ्या उंचावरील पट्टीस ‘हायलाईन’ म्हणतात. तेथें सर्व साधन दुहेरी असतें: एका पट्टीखालीं दुसरी, एका आधारास दुसरा आधार. चालणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यापासून निघालेली दोरी स्लॅकलाईनवर सरकणाऱ्या कड्यांस बांधलेली असते. त्यामुळें तो पडला तर कांहीं फूट खालीं लोंबकळतो आणि त्याच दोरीनें चढून पुन्हां वर येतो. ही विद्या पुस्तक वाचून करण्याची नव्हे. जाणत्या माणसाच्या हाताखालींच ती शिकावी लागते. “दोन फुटांवरची पट्टी आणि दोन हजार फुटांवरची पट्टी, पायाला दोन्ही सारख्याच,” ती तरुणी म्हणाली. “मग भय जातें कसें?” मीं विचारलें. ती हंसून म्हणाली, “जात नाहीं. ओळखीचें होतें.”

घरीं परत आल्यावर नातवानें हट्ट धरला आणि जावईबापूंनीं दुकानांतून सर्व साहित्य आणलें. घराजवळच्या बागेंत झाडांस पट्टी बांधण्यास नगरपालिकेची हरकत नाहीं याची त्यांनीं आधीं खात्री करून घेतली. साहित्य थोडें आहे, पण प्रत्येक वस्तूस कारण आहे. पहिली वस्तु पट्टी. नवशिक्यांसाठीं मिळते ती बहुधा दोन इंच रुंद असते; मुरलेले लोक एक इंचाची वापरतात. दुसरी वस्तु आवळणी. ट्रकवरील माल आवळून बांधण्यासाठीं दांत्यांचें जें यंत्र असतें, तसेंच हें. त्यास रॅचेट म्हणतात. तिसरी वस्तु झाडांभोंवतीं गुंडाळण्याचें जाड कापड. हें कापड पुष्कळ जण अनावश्यक समजतात. परंतु पानांत तयार झालेलें अन्न सालीच्या आंतल्या थरांतून मुळांकडे जात असतें. पट्टीच्या घर्षणानें तो थर दुखावला तर वृक्षाचें अन्न तुटतें. आम्हीं जुन्या सतरंजीचे तुकडे वापरले. झाड जिवंत, निरोगी आणि निदान एक फूट व्यासाचें असावें. वाळकें खोड, कुंपणाचा खांब, घराच्या गॅलरीचा कठडा, हीं कधींहि चालत नाहींत.

याचें कारण गणितांत आहे, आणि तें नातवास समजावून देतांना मला माझ्या वर्गाचा भास झाला. समजा, दोन झाडांत आठ मीटर अंतर आहे, चालणाऱ्याचें वजन साठ किलो आहे, आणि तो मध्यभागीं उभा असतांना पट्टी चाळीस सेंटिमीटर खालीं वांकते. वजनास लांबीनें गुणावें आणि वांकाच्या चौपटीनें भागावें, म्हणजे पट्टींतील ताण जवळजवळ निघतो. येथें तो तीनशें किलोच्या भाराएवढा येतो. आतां तीच पट्टी अधिक आवळून वांक वीस सेंटिमीटरांवर आणला, तर ताण सहाशें किलो! चालणारा तोच, वजन तेंच. केवळ ताठपणा वाढविल्यानें झाडावर व यंत्रावर दुप्पट भार आला. पट्टीवर उड्या मारल्या तर तो आणखी वाढतो. “बाळ, भार माणसाचा नसतो, ताठ्याचा असतो,” असें मीं मोठ्या ऐटींत सांगितलें. तें वाक्य मलाच लागू पडणार आहे हें त्या वेळीं ध्यानांत आलें नाहीं.

पट्टी आवळून झाल्यावर यंत्राचा दांडा पूर्ण मिटून अडकला आहे कीं नाहीं हें पाहावें. यंत्राच्या रेषेंत कोणास उभें राहूं देऊं नये, कारण कांहीं तुटलें तर तें त्याच रेषेंत उसळून येतें. यंत्र निसटलें तरी दूर उडूं नये म्हणून एका वेगळ्या मजबूत दोरीनें तें झाडाशीं बांधून ठेवावें. पट्टी पिळलेली नसावी. तिच्या कडा कापलेल्या अथवा उन्हानें विटलेल्या नसाव्यात. खालीं मऊ हिरवळ असावी. दगड व बाटल्या आधींच वेंचून काढाव्या. नवशिक्यास उंची गुडघ्याएवढी पुरे. आणि काम झालें कीं पट्टी सोडून घरीं न्यावी. तिन्हीसांजेस सायकलीवरून येणाऱ्यास ती दिसत नाहीं.

मीं स्वतः पट्टीवर पाय ठेवण्याची गोष्ट काढतांच कन्येनें विरोध केला, आणि तो रास्त होता. “बाबा, या वयांत हाड मोडलें तर?” शेवटीं तह झाला. झाडांमधील अंतर कमी करून माझ्यासाठीं पट्टी दीड वीत उंचीवर बांधावी, जावईबापूंचा खांदा सोडूं नये, आणि दहा मिनिटांहून अधिक हट्ट करूं नये. उतारवयाच्या ज्या वाचकांस ही हौस येईल, त्यांनीं आधीं आपल्या वैद्यांस विचारावें व मग हाच तह आपल्या घरीं करावा.

पहिल्या दिवशीं पाऊल ठेवलें मात्र, पट्टी अशी थरथरूं लागली कीं जणूं तिला हिंव भरलें. मीं पट्टीस दोष दिला. नातू म्हणाला, “आजोबा, पट्टी नाहीं हलत, तुमचा पाय हलतोय.” आणि तें खरें होतें. मीं पाय उचलतांच पट्टी शांत! तोल सावरण्यासाठीं शरीर स्नायूंस आज्ञा धाडतें, पण ती अमलांत येईपर्यंत पट्टी दुसरीकडे गेलेली असते. मग उलट आज्ञा सुटते, तीहि उशिराच पोंचते. असा सारा गोंधळ चालतो. पाय जितका आवळून धरावा तितका कंप अधिक. यास औषधें दोनच: गुडघा मऊ ठेवणें आणि धीर धरणें. कांहीं दिवसांच्या सरावानें शरीर आपोआप शहाणें होतें व तो कंप ओसरतो.

शिकण्याचा क्रम असा आहे. पाऊल अनवाणी असावें व पट्टीच्या लांबीस अनुसरून ठेवावें. पट्टी अंगठा व त्याच्या शेजारचें बोट यांच्या मधून टांचेच्या मध्यापर्यंत जावी. झाडाच्या जवळ ती कमी झुलते, तेथून आरंभ करावा. एक पाय पट्टीवर ठेवून सर्व भार त्यावर द्यावा आणि दुसरा पाय हवेंत मोकळा सोडावा; तो तराजूच्या दांडीप्रमाणें तोल राखण्याच्या उपयोगीं पडतो. उजव्या पायावर जितका वेळ उभें राहावें तितकाच डाव्यावर. चालण्याची घाई करूं नये; एका पायावर दहा श्वास उभें राहतां येऊं लागलें म्हणजे पाऊल टाकावें. मग दोन पावलें, मग चार. त्यानंतर वळणें, मागें चालणें, पट्टीवर बसून उठणें. जसजशी पट्टी लांब होते तसतसे तिचे हेलकावे मोठे व संथ होतात आणि धीराची खरी परीक्षा होते. पडण्याचीहि रीत शिकावी. तोल गेला असें वाटतांच पट्टीस चिकटून राहण्याची धडपड न करतां शांतपणें पाय जमिनीवर ठेवावा. वेळींच उतरणारा सहसा दुखावत नाहीं. उतरण्याची लाज वाटणारा दुखावतो. सर्वांत महत्त्वाचा नियम दृष्टीचा. पायाकडे पाहूं नये. समोरच्या झाडावर एक खूण धरावी व तिच्यावरून नजर ढळूं देऊं नये. जें स्वतःच हलतें आहे त्याकडे पाहून कोणासहि स्थिर होतां येत नाहीं.

मीं समोरच्या झाडाच्या सालीवरील एक काळा डाग निवडला. चौथ्या कीं पांचव्या दिवशीं त्या डागावर दृष्टि लावून, तहाचें एक कलम मोडून, मीं जावईबापूंचा खांदा सोडला आणि एका पायावर जेमतेम तीन श्वास उभा राहिलों. तेवढ्यांत मला तो मुलगा आठवला.

सन १९८६. मी तेव्हां अठ्ठावीस वर्षांचा, शिस्तीचा मास्तर म्हणून नांव मिळविलेला. यात्रेच्या सुमारास गांवाबाहेर डोंबाऱ्यांचीं चार-सहा पालें पडत व दोन-अडीच महिने राहत. त्यांतील नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा हेडमास्तरांच्या आग्रहानें माझ्या वर्गांत बसूं लागला. अक्षर बरें, पाठांतर चांगलें. पण रोज उशीर. एके दिवशीं मीं कारण विचारलें. “दोर बांधत हुतो, गुरुजी,” तो म्हणाला. वर्ग हंसला. मीं त्यास खिडकीपाशीं एका पायावर उभें राहण्याची शिक्षा दिली.

इतर मुलें या शिक्षेनें दहा मिनिटांत रडकुंडीस येत. हा तास संपत आला तरी उभाच. हात किंचित् उचललेले, गुडघा मऊ, दृष्टि समोरच्या भिंतींतील एका खिळ्यावर. मध्येंच त्यानें मला न विचारतां पाय बदलला, आणि तोहि इतक्या सहजतेनें कीं मुलें टाळ्या पिटूं लागलीं. मला तो उद्धटपणा वाटला. मीं छडी घेतली आणि त्याच्या पोटरीवर मारली. तो पडला नाहीं. फक्त त्याची दृष्टि खिळ्यावरून निघून माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. तिसऱ्याहि दिवशीं नाहीं. आठवड्यानें पालें उठलीं. हजेरीपटावर कांहीं दिवस मीं त्याच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण करीत राहिलों, आणि पुढें नांव कमी केलें.

शुक्ल यजुर्वेदाच्या तिसाव्या अध्यायांत निरनिराळ्या व्यवसायांच्या लोकांची मोठी यादी आहे. तींत वंशनर्ती, म्हणजे वेळूवर नाचणारा, येतो. पाठशाळेंत तो अध्याय मीं वाचला होता. त्या शब्दाचा विग्रह मला कोणी मध्यरात्रीं उठवून विचारला असता तरी सांगितला असता. शब्द ओळखीचा होता. परंतु ज्याचें तें नांव तोच खिडकीपाशीं उभा असतां मला ओळखतां आला नाहीं.

इकडे बागेंत माझ्या तीन श्वासांचें कौतुक चाललें होतें. कन्येनें फोटो काढला. फिरावयास आलेलें एक वृद्ध जोडपें थांबून टाळ्या वाजवूं लागलें. एकाच कलेस येथें टाळी मिळाली आणि तेथें मीं छडी दिली होती. मी खालीं उतरलों व त्या दिवशीं पुन्हां चढलों नाहीं. रात्रीं नातवास जवळ घेऊन डोंबारी म्हणजे कोण, हें नीट सांगितलें: भर उन्हांत बांधलेली दोरी, बापाचा ढोल, पोरीच्या हातांतील वेळू, खालीं फिरणारी ताटली, आणि तो मुलगा व माझी छडीहि. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें एवढेंच विचारलें, “पण तो पडला नाहीं ना, आजोबा?”

पुढील दोन महिने आमचा अभ्यास चालू राहिला. नातू पलीकडच्या झाडापर्यंत पोंचूं लागला व वळावयासहि शिकला. मी चार पावलांपलीकडे गेलों नाहीं आणि जाण्याचा लोभहि धरला नाहीं. परंतु एक लाभ झाला. योगसूत्रांच्या साधनपादांत आसन साधण्याचा उपाय म्हणून पतंजलीनें प्रयत्नाचें शैथिल्य सांगितलें आहे. तें मीं तरुणपणीं घोकलें, पण मनास कधीं पटलें नाहीं. शैथिल्य म्हणजे आळस, आणि आळसानें काय साधणार, असें मला वाटे. त्या पट्टीवर त्याचा अर्थ प्रथम पायांस कळला व मग बुद्धीस. प्रयत्न सोडावयाचा नसतो. त्यांतील ताठा सोडावयाचा असतो. पट्टी झुलली तर तिच्याबरोबर थोडें झुलावें, आणि दृष्टि मात्र जेथें लावली तेथेंच राहूं द्यावी. तीस वर्षें मीं ज्यास शिस्त म्हटलें, तींत दृष्टि किती होती आणि नुसतें आवळणें किती होतें, याचा हिशेब मला अजून पुरता लागलेला नाहीं.

ऑगस्टअखेर स्वदेशीं परत आलों. २०२५ च्या चैत्रांत गांवच्या यात्रेस गेलों. डोंबाऱ्याचा खेळ आतां क्वचितच दिसतो. त्या वर्षीं एकच कुटुंब आलें होतें. बारा वर्षांची एक मुलगी वेळू घेऊन दोरीवर चालत होती. ती पायांकडे पाहत नव्हती. खेळ संपल्यावर ताटलींत पैसे टाकून मीं तिच्या बापास विचारलें, “पोरीस शाळेंत घातली आहे का?”

“घातली हुती की बाबा, पर मुक्काम हालला की शाळा सुटती.”

मीं दुसऱ्या दिवशीं त्या दोघांस माझ्या जुन्या शाळेंत घेऊन गेलों. हल्लींच्या बाई समजूतदार आहेत. त्यांनीं कागदपत्रांचा खल न करतां मुलीस वर्गांत बसविलें. अकरा दिवस ती शाळेंत आली. रोज उशीर होई, व त्याबद्दल तिला कोणी बोलत नसे. बाराव्या दिवशीं पालें उठणार असें कळलें, तेव्हां बाईंनीं शिकल्याचा कागद लिहून दिला व मीं तो तिच्या बापाच्या हातीं ठेविला. पुढच्या गांवच्या शाळेंत तो दाखविला गेला असेल कीं पालाच्या कोपऱ्यांत कोठें पडला असेल, हें मला ठाऊक नाहीं. त्या मुलाचा शोध लागावा म्हणून तिच्या बापाजवळ मीं चौकशीहि केली; त्याला कांहीं सांगतां आलें नाहीं.

आपल्या सुशिक्षित घरांतून मुलांस पोहणें, मल्लखांब, चित्रकला शिकविण्याची हौस आतां पुष्कळ वाढली आहे. त्यांत कोणी स्लॅकलाईनचीहि भर घातली तर उत्तमच होईल. जाड बुंध्याचीं दोन झाडें, सतरंजीचे तुकडे, गुडघ्याएवढी उंची आणि घरांतील एका वडील माणसाचा खांदा, एवढ्यावर आरंभ करतां येतो. तेवढें करतांना एक गोष्ट आपल्या मुलांस अवश्य सांगावी कीं, ही विद्या अमेरिकेंतून आलेली नवी चीज खरी, परंतु तिची थोरली बहीण पिढ्यान् पिढ्या आपल्या वेशीबाहेर पाल ठोकून राहत आली आहे. तिला आपण आंत कधीं बोलाविलें नाहीं.

माझ्या परसांत दोन जुने आंबे आहेत. नातू सुटींत येणार म्हणून त्यांच्यामध्यें पट्टी बांधून ठेविली आहे. तो येईपर्यंत शेजारच्या मुलास बोलावून व त्याच्या खांद्यावर हात ठेवून सकाळीं दहा मिनिटें मी तिच्यावर उभा राहतों. अजून पाय थरथरतो, पण पूर्वीपेक्षां कमी.